वर येण्याचा हिशेब

बाबा म्हणतात, खाली कुणीही जातं.
धोंडाही जातो.
कालबुकोच्या या किनाऱ्यावर
खाली गेलेल्यांची नावं विचारत बसलं
तर कॉफी गार होईल.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर
माझ्याकडून एकच शब्द लिहून घेतला: वर.
खाली रेघ मारायला लावली. दोनदा.

चाळीस वर्षं तोंडात नळी धरून
ते तळाशी शिंपले वेचत फिरले.
बोटीवरचा कॉम्प्रेसर खोकला की थांबायचे,
फुरफुरला की पुन्हा टोपली.
घाईनं वर आलेल्या दिवसांचे बुडबुडे
त्यांच्या गुडघ्यांत मुक्कामाला आहेत.
डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला:
डॉन एलेउतेरियो, आता अंघोळीपुरतं पाणी.

त्याच आठवड्यात ते
गॅसची जुनी टाकी हप्त्यानं घेऊन आले.

"आत जमिनीवरचीच हवा.
दाब सोसायचा तो लोखंडानं.
माझ्या हाडांनी सोसला तेवढा बास."

मी शाळेत गणित शिकवते,
वाटलं, सोपं आहे.
बाजूच्या टाक्या चारशे लिटरच्या:
पाणी घेतलं की बुडायचं,
हवा सोडून पाणी हाकललं की तरंगायचं.
पण साठ मीटरवर पाणी सातपट हट्टी,
चारशेला अठ्ठावीसशे मोजून घेतं.
सिलिंडरमध्ये सगळी मिळून दहा हजार.
"म्हणजे तीनदा," मी म्हटलं.
"दोनदा," ते म्हणाले.
"तिसरी खेप चुकीची.
तिचा वाटा आधी काढून ठेव."

आणि तेही फसलं तर
पोटाखाली नव्वद किलो शिसं.
फाटक्या जाळ्यांचं, आजोबांच्या गळांचं,
आणि रुपेर्तोकाकाच्या कमरपट्ट्याचं.
तो पट्टा वितळवताना त्यांनी मला आत पाठवलं,
चुलीवर काय आहे ते बघ म्हणून.
चुलीवर काही नव्हतं.

शिसं सोडायचा स्क्रू सतरा आटे.
रोज जेवणानंतर ते डोळे मिटून फिरवतात,
डाव्या हातानं.

श्वासाचं पान निराळं आहे.
माणूस तासाला पंचवीस लिटर ऑक्सिजन खातो,
भांडला तर जास्त.
पण आधी मारतो तो आपलाच सोडलेला श्वास.
तो पिऊन टाकायला चुन्याचे खडे,
त्यांतून हवा फिरवायला एक पंखा.

परसात, जमिनीवरच, त्यांनी झाकण लावून घेतलं.
सहा तास.
मी बाहेर पाना घेऊन:
दर दहा मिनिटांनी एक ठोका, आतून दोन.
चौथ्या तासाला आतून काही नाही.
मी पुन्हा मारला.
कोंबड्या टिपायच्या थांबल्या.
मग एक.
बऱ्याच वेळानं दुसरा.

झाकण उघडलं तेव्हा म्हणाले, डुलकी लागली.
आतल्या काचेवर वाफेत
गेजचे आकडे होते, दर अर्ध्या तासाचे, सुबक,
आणि शेवटी नुसतीच बोटं ओढलेली.
पंख्याची पिन निसटली होती.
वहीत मी लिहिलं: पंखे दोन, बॅटऱ्या वेगळ्या.
आईला काही सांगितलं नाही.

इथे ओहोटीला समुद्र सात मीटर उतरतो.
बैल जोडून आम्ही तिला चिखलात नेऊन ठेवली,
पाणी आपलं आपण आलं.
ती उठली, पण शेपूट वर, नाक चिखलात.
शेजारच्या नोल्फाबाईंनी बटाट्याची पोती दिली.
एक पोतं मागे सरकवा. अजून. हं, फार झालं.
काठावर चौदा माणसं, पंधरा सल्ले.
मी प्रत्येक पोतं तोलून किलो लिहीत होते.

रात्री वरून नदी फुगून आली,
सकाळी ती चार बोटं खोल बसलेली दिसली:
गोडं पाणी कमी उचलतं.
तीन टनांना साठ किलोंचा फरक.
बाबा हसले. "समुद्रसुद्धा रोज एक नसतो, लिही."
लिहिलं.

खुर्ची एकच आहे.
ऑक्सिजन मी दोघांचा धरलाय.
ते पान त्यांनी पाहिलंय,
दोघंही त्यावर बोलत नाही.

उद्या बारा मीटर, दोरी बांधून.
पोत्यांऐवजी शिशाच्या लाद्या ठेवायच्यात,
नोल्फाबाईंना बटाटे परत हवेत.
बियाण्याचे आहेत ते.