भाराचा हिशेब

तिबिलिसीच्या उतारावर चौदा मजली तीन इमारती,
त्यांना जोडणारा एक पूल, काँक्रीटचा, उघडा.
त्याच्या भाराचा तक्ता माझ्या हातचा :
चौरस मीटरला चारशे किलो माणसं,
बर्फाचे पन्नास, वाऱ्याचे वेगळे.
मी सव्वीस वर्षांची होते, पेन्सिल टोकदार,
आणि माणूस म्हणजे सत्तर किलो,
असं कोष्टकात दिलेलं होतं.

नकाशात बाल्कनी सव्वा मीटर.
सव्वा मीटरात लोकांनी काय करायचं
तेही आम्ही ठरवून टाकलं होतं :
उभं राहायचं, डोंगराकडे बघायचं,
जमल्यास भविष्याकडे.
कपडे वाळत घालायला गच्चीवर सामुदायिक खोली.
तिथे कुणी रुमालसुद्धा नेला नाही.
दुसऱ्याच महिन्यात या इमारतीतून त्या इमारतीत
कप्प्यांवर फिरणाऱ्या दोऱ्या आल्या,
आणि आमचे साहेब खाली उभे राहून
कुणाच्या तरी लेंग्याकडे बघत म्हणाले,
दर्शनी बाजू नासली.

मग ते साल आलं, वीज नाही, गॅस नाही,
ज्या देशाने इमारत बांधली तो देशही नाही.
बाराव्या मजल्यावरच्या ओतियाला तीन मुलं, दोन खोल्या.
त्याने कुठूनसे रेल्वेचे रूळ आणले,
भिंतीत खुपसले,
आणि हवेत एक खोली जोडली.
वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून मला विचारलं,
‘तुम्ही इंजिनिअर ना? पडेल का?’
मी दोन रात्री मेणबत्तीशी गणित केलं.
सांगितलं, हिशेबाने ती गेल्या गुरुवारीच पडायला हवी होती.
‘मग शुक्रवारपासून घर आहे,’ तो म्हणाला,
आणि वाइन ओतली.

त्याच्यानंतर सगळ्यांनीच.
पत्रा, विटा, बसच्या खिडक्या,
एकाने तर शाळेचा फळा, खडूच्या बेरजेसकट.
तळमजल्यावर कुणीतरी वेल लावला होता, तो नवव्यापर्यंत चढला,
आणि सातव्यावरची द्राक्षं कुणाची
यावरून दोन घरं अकरा वर्षं बोलत नव्हती.

ओतिया मार्चमध्ये गेला.
शवपेटी लिफ्टमध्ये मावेना.
लिफ्ट एक मीटर दहा. माझीच आकृती.
बोळाच्या वळणावर नव्वद सेंटिमीटर. तीही माझीच.
उभा माणूस, चालणारा माणूस, पिशवी धरलेला माणूस,
सगळे बसवले होते मी.
आडवा माणूस धरलाच नव्हता.
पुरुष वळणावर अडले, घामाघूम,
माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, तरी मी मान खाली घातली.
तेवढ्यात थोरली मुलगी त्सियुरी म्हणाली,
बाबांच्या खोलीतून न्या.

खिडकीची चौकट उतरवली.
त्या बेकायदा खोलीपासून पुलाच्या कठड्यापर्यंत
दोन हात अंतर. दोन फळ्या टाकल्या.
रुळांवरून तो निघाला, स्वतःच जोडलेल्या,
हवेतून, थेट पुलावर,
आणि तिथे थांबलेले दीडशेजण
एकाच बाजूला झुकले, हात पुढे करून.

मी सवयीने मोजत होते.
मध्येच म्हाताऱ्यांनी तीन स्वरांत गायला सुरुवात केली,
खालचा स्वर इतका खालचा
की तो कानाला नाही, तळपायाला कळला.
पूल थरथरला, थोडासा.
तेवढं थरथरणं तक्त्यात मान्य आहे.
मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

हल्ली दूरदूरची मुलं कॅमेरे घेऊन येतात.
दोऱ्यांवर कपडे नसताना फोटो मिळेल का, विचारतात.
मी म्हणते, रविवारी या, आणि रविवारी
सगळ्यांना चादरी धुवायला सांगते.

लिफ्टला नाण्यांची पेटी लागली आहे.
वर जायचे वीस तेत्री, उतरणं फुकट.
पेटी सांभाळणाऱ्या नाझिब्रोलाला एकदा म्हटलं,
अगं, ही इमारत मी काढली आहे.
तिने विणकामातून मान वर केली नाही.
‘काढली असेल,’ म्हणाली. ‘सुटे आहेत ना?’