पहिली जोडी

बंद मागाशेजारी पेटीत
एक साधी मादी, तपकिरी.
सोलापूरच्या मे महिन्यात हीटर कसला,
वरून ओलं पोतं टाकतो.

नर कुठला, ठरत नाही.
बनाना सगळ्यांकडेच आहे,
पायबाल्डला पैसे पुरत नाहीत.
स्पायडर मात्र... काय ती वीण!
एवढी बारीक आमच्या चादरीत कधी उतरली नाही.

आण्णांपुढे मोबाईल धरला.
चाळीस वर्षं रंगाच्या पिंपावर वाकलेला माणूस,
व्हिडिओ दोनदा पाहिला.
"मान का हलतेय त्याची?"

रंगाबरोबरच येतं ते, म्हटलं,
वेगळं काढता येत नाही.

तेलुगूत काहीतरी पुटपुटले,
सूत नासकं असेल तर पिंपात घालू नये, असं.
दोन्ही हातांनी धरलेली बशी
तरी कपाला वाजत होती.

पेस्टल सांगितला.
फिकट पिवळा.
पिल्लांना फार भाव येणार नाही.