सापडली

शेवटच्या दिवशी, संध्याकाळी सातच्या ‘हरवलं-सापडलं’मध्ये
मी वाचलं होतं:
डुलीचंद पटले, राहणार खैरटोला, यांची बकरी,
रंग काळा, पोटावर पांढरा पट्टा, डावा कान चिरलेला,
गळ्यात निळी नायलॉनची दोरी,
तलावाच्या पाळीवरून हरवली.
मग धानावरच्या तुडतुड्यांची पाच मिनिटं.
मग फुलवंताबाई उईकेंचं हळदीचं गाणं, जुनं रेकॉर्डिंग,
मधे कोंबडा आरवतो ते.

दुसऱ्या दिवशी अकराला दोघं आले.
चांगली माणसं होती, चपला बाहेर काढून आत आली.
एकानं ट्रान्समीटरला सुतळी गुंडाळली,
दुसऱ्यानं लाख वितळवली
आमच्याच मेणबत्तीवर, लाइट जाते म्हणून ठेवलेल्या.
सही करताना मी विचारलं, काहून?
तो म्हणाला, परवान्याची मुदत संपली मॅडम,
तीन पत्रं पाठवली होती.

पत्रं मग सापडली.
पत्त्यावर खैरटोल्याच्या जागी खैरटोली.
एका वेलांटीपायी नऊ महिने
तलावापलीकडच्या ग्रामपंचायतीत,
लोखंडी कपाटात, पोलिओच्या पोस्टरांखाली.
टोलीत आमचा आवाज सगळ्यात साफ जायचा.
मधे नुसतं पाणी, झाड म्हणून नाही.
म्हणजे नऊ महिने रोज सकाळी सहाला
मी त्या कपाटाला नमस्कार करत होते.

बकरी त्याच रात्री घरी आली, आपल्या पायानं.
डुलीचंद सायकल दामटत सांगायला आला
आणि दारातच थांबला, लाखेकडं बघत.
“सांगून टाका ना बाई, भेटली म्हनून.”
मी रजिस्टर काढलं, तिच्या ओळीपुढं
लाल शाईनं लिहिलं: सापडली.
वेळसुद्धा घातली. सवय.
“झालं?” त्यानं विचारलं.
मी म्हटलं, वहीत झालं.

तेव्हापासून अकरा गावांत ती हरवलेलीच आहे.
दर बुधवारी, बाजाराला येता येता,
कोणी ना कोणी काळी बकरी ओढत आणतं.
कधी कान शाबूत असतो.
एकदा बोकड होता.
परवा जंगलाकडचा एक पोट्टा चौदा किलोमीटर चालत आला,
त्याच्या बकरीच्या गळ्यात निळी दोरी,
अगदी नवी, दुकानाची घडी न मोडलेली.
काय बोलणार? मी त्याला चहा पाजला,
आतली खोली दाखवली.
भिंतीभर अंड्यांचे ट्रे, आवाज घुमू नये म्हणून
घराघरातून मागून आणलेले.
तो वर बघत राहिला, मग म्हणाला,
“एवढे अंडे खाल्ले कोनं?”
मी किती दिवसांनी हसले.
त्या खोलीत हसू घुमत नाही,
तोंडातून निघतं आणि तिथंच पायाशी पडतं.

सोनाबाई रामटेकेंना दिसत नाही.
घड्याळ म्हणून त्या आम्हाला ऐकायच्या.
अजून सहाला, अंदाजानं, रेडिओ लावतात.
“नुसती खरखर येते वो. पन ते तुमचीच आहे ना?”
मी हो म्हटलं.
खोटं बोलले का, अजून ठरवता येत नाही.

किल्ली माझ्याकडंच आहे.
सकाळी जाते, माइकची टोपी काढते, झटकते, परत घालते.
घरी सांगते, गळा बसू नये म्हणून.
वार सांगते, तिथी सांगते,
तलाव किती भरला, कोणाचं तेरावं कधी.
शेवटी बकरी:
डुलीचंद पटले, राहणार खैरटोला, यांची बकरी सापडली आहे.
ती व्यायली. एक पाठ, एक बोकड.
कृपया आता कोणी शोधू नये.

बाहेर कोणाचं तरी जनावर ओरडतं.
आज बुधवार.