चौदा फूट

मौलाली एजंटनं जाहिरात लिहून आणली :
विकणे आहे. साखर पेठ, वरचा मजला,
एकवीसशे फूट, सलग, मध्ये एकही खांब नाही,
लढाईच्या आधीचं बांधकाम, उंची चौदा फूट.
मी म्हटलं, कुठली लढाई तेही लिहा.
तो म्हणाला, ताई, शब्दाला पैसे पडतात.

गिऱ्हाइकं येतात, मान वर करतात,
पंख्याच्या दांडीची लांबी बघतात,
म्हणतात, एसीला जड जाणार.
चौदाच का, ते कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं :
मागाच्या डोक्यावर जेकॉर्ड बसायचं,
जेकॉर्डच्या डोक्यावर पुठ्ठ्यांची माळ फिरायची.
चादरीवर मोर हवा असेल
तर मोराला वरती तेवढी जागा द्यावी लागते.

सहा माग होते. पाच गेले सरपणाच्या भावात.
सहावा पुणे रोडवरच्या एका हॉटेलात उभा आहे,
त्याच्या फणीत मनीप्लांट सोडलाय.
भावानं तिथं जेवताना फोटो काढून पाठवला,
खाली लिहिलं, नान्नाचा मग्गम, ओळखलास?
मी ओळखला नाही.
एवढा पुसलेला मी त्याला कधी पाहिलाच नव्हता.

खाली रंगखाना होता, तिथं आता हृदयाचा दवाखाना.
गटारीचा रंग बघून आम्ही शाळेला जायचो :
आज गुलाबी, म्हणजे सोलापूर-हैदराबादचा माल,
आज बाटली हिरवा, म्हणजे दवाखान्यांची ऑर्डर.
आता गटारीवर टाइल्स आहेत.
आज कोणता वार, मोबाइलमध्ये बघते.

हलकुडे सरांना जागा पटली.
त्यांची अभ्यासिका आहे, दोन शाखा, ही तिसरी.
नव्वद टेबलं, मध्ये प्लायवूड, महिना नऊशे,
वर एक पोटमाळा, मुलींसाठी वेगळा.
दाराशी उभे राहून त्यांनी डोळे मिटले,
मिनिटभर ऐकलं.
आवाज नाही ना काही आजूबाजूला?
नाही, मी म्हटलं. आता नाही.

पाण्याचं मी लपवलं नाही, पाचव्या दिवशी येतं.
उन्हाळ्याचंही नाही. फक्त सांगितलं,
इथली गरम हवा वर जाते आणि वरच राहते,
माणसाच्या अंगावर येत नाही.
ते लिहून घेत होते. मला बरं वाटलं
कुणीतरी या जागेबद्दल काहीतरी लिहून घेतंय.

पोशट्टी आला होता, न बोलावता.
एकतीस वर्षं तिसऱ्या मागावर बसलेला माणूस.
मला वाटलं, हिशेबाचं काही राहिलं असेल.
तो म्हणाला, अम्मायी, काही नको.
दारातून आत आला, भिंतीच्या कडेनं गेला,
पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या बोळातून वळला,
मग तिसऱ्याच्या उजव्या हाताला येऊन थांबला.
मागं वळून पाहिलं तर मौलालीही
तसाच कडेकडेनं येत होता,
बाजूला वही धरून, अंग चोरून,
सुताला धक्का लागू नये असा.
आणि मी कुठे सरळ चालले होते?
बावीस वर्षं झाली माग जाऊन.
फरशीवर तेलाचे डाग आहेत, बस, एवढंच.

बावन्न ठरले. त्यातले किती कागदावर
ते भाऊ भिवंडीहून फोनवर बोलेल.

सरांचा मुलगा सोबत होता, सहा-सात वर्षांचा.
मोठ्यांचं बोलणं लांबलं, तो कंटाळला,
आणि दारापासून मागच्या खिडकीपर्यंत
तिरका धावत सुटला,
पहिल्यातून, तिसऱ्यातून, सहाव्यातून,
आरपार.

पोशट्टीचा हात वर गेला, त्याला अडवायला.
मग हवेत तसाच राहिला थोडा वेळ.
मग त्यानं त्याच हातानं
डोक्यावरची टोपी नीट केली.