दोरीला हात

नेव्हिल सर तरीतून उतरले तेव्हा ओहोटी होती,
म्हणजे बूट हातात आणि गुडघाभर चिखल.
लॅपटॉपची बॅग त्यांनी डोक्यावर धरली होती
आमच्याकडे मासळीची पाटी धरतात तशी.
मला हसू आलं, मग आठवलं
या बॅगेत माझी तीन वर्षं आहेत.

शाळा दोन खोल्यांची. पट एकोणीस.
लोखंडे मास्तर सांगोल्याचे,
बदलीच्या यादीकडे डोळे, पण माणूस सच्चा.
आल्या आल्या त्यांनी फळ्यावर 'मुलगा' लिहिलं
आणि पहिलीचा वर्ग गप्प.
घरी ते सगळे झिल होते.

माझा धंदा तिथून सुरू झाला.
धंदाच म्हणते. समाजसेवा म्हटलं की
लोक चहा पाजतात आणि पैसे बुडवतात.
एक पेटी, एकशे बारा चित्रकार्डं,
वर घरातला शब्द, खाली पुस्तकातला.
'खंय गेल्लंस'पासून 'कुठे गेला होतास'पर्यंत
एक साकव, पावसात वाहून न जाणारा.

बँकेने विचारलं, तारण काय?
मी म्हटलं, एकोणीस पोरं.
मॅनेजर चांगला, हसला नाही.
फंडाने तारण विचारलं नाही.
त्यांनी विचारलं, पाच वर्षांनी कुठे असाल?
म्हटलं, इथेच.
उत्तर चुकलंय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.
तरी पैसे आले.

आता सर पहिलीच्या बाकावर, गुडघे हनुवटीला,
एक्सेल उघडून.
"स्केल," ते म्हणतात. "आठशे शाळा.
एकच पेटी ठेवली तर खर्च निम्म्यावर."
मी अठ्ठेचाळीसावं कार्ड काढते. बांगडो.
खाडी ओलांडली की बांगडा.
मोहल्ल्यातल्या सुहाना होडेकरने
'आवस' खोडून 'मां' लिहिलंय,
इतकं दाबून की कार्ड फाटलं.
"म्हणजे दर खाडीला नवी पेटी?"
"थोडी नवी. सोळा-सतरा कार्डं."
"कॉस्ट?"
"स्केचपेनं. आणि पोरांचा अर्धा दिवस."
त्यांची बोटं टाइप करायची थांबली.
काय लिहावं ते सुचेना की
सुचलं ते कुठल्या रकान्यात बसेना,
मी विचारलं नाही.

दुपारी रापण ओढत होते.
सर पँट दुमडून दोरीला लागले, हात सोलून घेतले.
बाबांनी हिशोब सांगितला,
जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसाचा वाटा.
शेपटाला नुसता धरून राहिलेला पोर असेल
तर त्यालाही ओंजळभर पेडवे.
मग विचारलं, ह्या बायग्येच्या धंद्यात
तुमचो वाटो केदो?
"काहीच नाही. आम्ही घेत नाही."

बाबांनी दोरी सोडून त्यांच्याकडे बघितलं.
"वाटो नको? मगे दोरयेक हात कित्याक?"

मी भाषांतर केलं नाही.
बाबांचं साधं असतं,
वाटा घेणारा जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत थांबतो.
न घेणारा देवमाणूस खरा,
पण देवमाणसाला मधेच फोन येतो.

परतताना भरती होती, चिखल झाकला गेलेला.
होडी सुटताना दुर्वांक पळत आला,
दुसरीतला, 'ळ' अजून 'ल' म्हणणारा,
आणि सरांच्या हातात पिशवी कोंबली.
वर माझ्याच कार्डाच्या पाठीवर, वाकडं,
तुमचा वाटा.
खालचा शब्द. पुस्तकातला.

सर काहीतरी बोलले, इंजिनात ऐकू आलं नाही.
बॅग आता पाटावर पडली होती,
पिशवी मांडीवर.

पेडवे ते. बर्फ नाही.
कणकवलीपर्यंत वास सुटेल,
एसी डब्यात लोक वळून बघतील.
त्यांनी नेले की वाटेत टाकले
ते मला तीन महिन्यांनी कळेल,
पुढच्या हप्त्याच्या तारखेला.