सालीवरची नावं

जुलैत भोपळे मुठीएवढे असतात, हिरवे, नखही उमटेल असे.
तेव्हा बाबा खिळा घेऊन वेलांत उतरतात
आणि एकेकावर आमची नावं कोरतात.
खोल नाही. साल दुखावली पाहिजे, म्हणतात,
आत कळता कामा नये.

पुढचं भोपळा बघतो.
खपली धरते, फळ फुगतं तसं अक्षरही फुगतं,
सप्टेंबरात रस्त्यावरून वाचता येतं:
डेल्फीन. क्लोव्हिस. ओडील.
माझ्यातलं शेवटचं अक्षर ते दरसाल गाळतात.
ज्याचा उच्चार नाही त्याला जागा कशाला.

व्हरमाँटच्या उत्तरेला, कॅनडाच्या कुंपणाशी, बारा एकर.
सहा गाई, दोन डुकरिणी, चाळीस कोंबड्या,
बटाटा, घेवडा, मार्चमध्ये मेपलच्या रसाच्या बादल्या;
एकाने दगा दिला की दुसरं चूल पेटती ठेवतं.
भोपळ्याला मिळतो उकिरड्याजवळचा तुकडा
आणि मक्यात घुसायची मुभा.

रोझेअर म्हणायचा, सगळं काढा, नुसते भोपळे लावा.
ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला सगळं शहर इथूनच जातं,
ट्रॅक्टरवर फिरवू, तिकीट लावू.
"आणि नोव्हेंबरात?"
बाबांचा प्रश्न दरवेळी तोच.
दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.
जूनमध्ये तो गेला, बर्लिंग्टनला, सरोवराकाठी बोटी रंगवायला.
गाईंची पहाटेची धार माझ्याकडे आली.

ऑगस्टात आई पानं उलटून किड्यांची अंडी चिरडत होती,
तांबूस, ओळीने चिकटलेली.
तिथे तिला सापडलं ते नाव.
कुणाला बोलली नाही.
फळाखाली कोरडं गवत सरकवलं,
पुढच्या आठवड्यात आणखी थोडं.
पहिल्या हिमाच्या रात्री चादरी कमी पडल्या;
त्याच्यावर बाबांचा कोट होता.
सकाळी ताठ, पांढरा.

रस्त्याकडेला गाडा, झाकणाला भोक पाडलेला कॉफीचा डबा,
पैसे त्यात टाका.
कनेक्टिकटची एक बाई थांबली, नेमकी त्यालाच कवटाळून उभी.
"रोझेअर म्हणजे?"
"जात आहे," आई म्हणाली. "जुनी. बियाण्याला ठेवलाय."
मग बाईने मला उचललं.
सहा डॉलर.
डिकीत, ब्लँकेटच्या घडीत, माझं नाव
एका अक्षराने कमी, दक्षिणेला गेलं.
मी कोंबड्यांना पाणी घालत होते.
राग आला, खोटं कशाला बोलू.

खत-डिझेल वजा जाता
वहीत त्या वर्षी भोपळ्यापुढे भोपळाच.
घेवड्याने सावरलं.
उरलेले बाबांनी कुऱ्हाडीने फोडले,
डुकरिणींनी थुथनं केशरी होईस्तोवर खाल्ले.
एक मात्र तळघराच्या पायरीवर राहिला, सगळे त्याला ओलांडून जायचो.
जानेवारीत तो बुडाशी मऊ पडला.
आईने कापला, बिया धुतल्या,
खिडकीत वर्तमानपत्रावर पसरल्या
आणि पाकिटावर लिहिलं जातीचं नाव.

मेअखेरीस मीच पेरलं ते.
मधमाश्या कुणाचं ऐकत नाहीत; शेजारी झुकिनी होती,
शोभेचे चिमुकले भोपळेही.
काय निघेल सांगता येत नाही. लांबट, पट्ट्यापट्ट्यांचं, कडूसुद्धा.
आज आठवा दिवस.
एका जागी माती जराशी उचललीय.
बाबा खताची ढकलगाडी घेऊन
तिथून वळसा घालून जातात.