डावीकडचा माणूस

हिलमन अडतीस सालची, स्टिअरिंग उजवीकडे.
बाबांनी घेतली तेव्हा आमचा देश डावीकडून चालायचा.
पंचेचाळीसच्या सप्टेंबरात सगळा उरुग्वे उजवीकडे गेला;
गाडीला कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून तिला चालवायला दोघं लागत.
उजवीकडच्याला दिसे फक्त पुढच्या ट्रकचं ढुंगण.
डावीकडच्यानं मान बाहेर काढायची
आणि म्हणायचं, जा.
किंवा, थांब.
एल्बिओ थोरला, तो उजवीकडे.
मी दार्दो.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये, लोकरीच्या गाठींच्या ट्रकमागे,
मी म्हणालो, जा.

कुणी मेलं नाही.
एक मडगार्ड, एक दिवा, एल्बिओचा गुडघा,
आणि समोरून आलेल्या दूधवाल्याचे चौदा कॅन
डांबरावर पांढरे होत गेलेले.
त्यानं एवढंच विचारलं, "बघितलं होतंस ना?"
मी म्हणालो, "हो."
त्या 'हो'वर एकतीस वर्षं गेली.

हुआन लाकासे गाव एवढंसं.
गिरणीत आम्ही एकाच पाळीला,
गिरणी बंद पडली तरी पाव एकाच भट्टीचा.
मला त्याच्या तोंडापेक्षा त्याची पाठ जास्त ओळखीची.
काही सांगायचं असलं तर निबिआ, त्याची बायको,
कुंपणाशी येऊन सांगे.

यंदा शेडचं छप्पर उतरवायचं म्हणून ताडपत्री ओढली.
मागच्या सीटवर कोंबडीनं टाकून दिलेली तीन अंडी,
सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीचं घर,
टाकीतून जुन्या व्हार्निशचा वास.
इंजिन जाम.

चारी सिलिंडरांत डिझेल आणि गिअरचं तेल ओतलं.
रोज संध्याकाळी हँडलला नुसता हात लावायचा, जोर नाही,
रुसलेल्याच्या दाराशी न ठोठावता उभं राहावं तसा.
अकराव्या दिवशी केसभर हललं.
मी तसाच उकिडवा बसून राहिलो, अंधार पडेपर्यंत.

कार्बुरेटर निबिआच्या पातेल्यात उकळला
(पातेलं तिनं परत घेतलं नाही).
गॅस्केट येर्बा-चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलं.
पॉइंट नखं घासायच्या कानशीनं चकचकीत केले, बॅटरी नवी.
ठिणगी नाही.
डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं
तर आत रोटरच नाही.

अंगठ्याएवढा बेकेलाइटचा तुकडा.
तो गंजून जात नाही, उंदीर नेत नाही.
तो कुणीतरी काढून घ्यावा लागतो.

या वेळी निबिआपाशी निरोप दिला नाही.
तिसऱ्या दिवशी काठी टेकत तोच आला.
रुमालाची गाठ सुटेना, मी सोडवली.
"तू एकटा घेऊन जाशील म्हणून काढला होता."
"एकट्याला ती चालते का?"
"नाही ना," म्हणाला,
आणि गुडघ्याला क्लच झेपणार नाही म्हणून
वळसा घालून डावीकडे बसला.

चौथ्या हँडलला खोकली. निळा धूर.
शेजारच्या कुत्र्यानं असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं.

कोलोनियाच्या रस्त्यानं, ताडांच्या रांगेतून,
ताशी चाळीस. ब्रेक डावीकडे ओढतात.
पुढे पेंढ्या भरलेला ट्रॅक्टर.
मी समोर बघत म्हणालो,
"मी बघितलं नव्हतं. संत्रं सोलत होतो."
"माहीत आहे," एल्बिओ म्हणाला,
"साल माझ्या मांडीवर पडली होती."

मग त्यानं मान बाहेर काढली.
वाऱ्यानं पांढऱ्या भुवया उलट्या झाल्या.
बराच वेळ बघून म्हणाला, "थांब."

समोरून एक सायकलही आली नाही.
पेंढ्याची काडी काचेवर येऊन अडकली, सुटली.
बघितलंस ना, असं मी काही विचारलं नाही.
दुसऱ्या गिअरमध्ये
ट्रॅक्टरच्या मागे मागे जात राहिलो.